शेळी तोंड लावत नाही ते कुंपण

जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाचं नाव एका मेंढीला मिळालं आहे. उंच पायांची, फुगीर नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी डाग असलेली माडग्याळ मेंढी. जत, आटपाडी, कवठे महांकाळ आणि पलीकडे साताऱ्यातले माण-खटाव, हा सगळा शेळ्या-मेंढ्यांचा मुलूख. इथं झाड लावायचं म्हटलं की पहिला प्रश्न पाण्याचा आणि दुसरा शेळीचा. शाळेच्या कुंपणाला रोप निवडताना गावकरी काय, गुरुजी काय, सगळे एकच कसोटी लावतात: जनावर तोंड लावत नाही ना?

कसोटी चोख आहे. तिच्यात पास होतात ती मोगली एरंड, कण्हेर, बिट्टी, शेर, रुई, घायपात ही मंडळी. पाणी नको, राखण नको, फांदी खोचली की पावसात पालवते. पण शेळी यांच्या वाटेला का जात नाही, हे कुणी विचारत नाही. चरणाऱ्या जनावरापासून वाचायला झाडाकडे मुख्यतः दोन उपाय असतात, काटा नाहीतर विष. वरच्या यादीतलं घायपात सोडलं तर बाकी कुणालाही काटा नाही. म्हणजे ज्या गुणामुळे ही झाडं कुंपणाला निवडली गेली तो गुण विषाचा आहे. आणि त्या कुंपणाच्या आत आपण सहा ते चौदा वर्षांची पोरं ठेवली आहेत.

विषारी झाड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जंगल येतं. सातारा-सांगलीत तेही आहे. कास, कोयना, चांदोलीच्या बाजूला पावसाळ्यात कळलावी फुलते. तिच्या कंदातलं कोल्चिसिन भल्याभल्यांना आडवं करतं. पण शाळकरी पोरांच्या विषबाधेच्या बातम्या वाचा, त्यात कळलावी क्वचितच सापडते. सापडते ती चंद्रज्योत.

चंद्रज्योत म्हणजेच मोगली एरंड, शास्त्रीय नाव जट्रोफा कर्कस. मूळची मध्य अमेरिकेची. आपल्याकडे इतकी रुळली आहे की बांधावर ती नसेल तर बांध ओका वाटतो. पावसाळा सरता सरता तिला सुपारीएवढी हिरवी फळं धरतात. ती आधी पिवळी पडतात, मग काळपट होऊन वाळतात आणि तीन फाकांत उकलतात. आत काळ्या, लांबट बिया. कवच दाताखाली फोडलं की पांढराशुभ्र गर निघतो. त्याची चव कडू नाही, आणि सगळी गोम इथंच आहे. ज्यांनी खाल्ली ती पोरं सांगतात की शेंगदाण्यासारखं लागलं, ओल्या बदामासारखं लागलं. शेळीने निकाल दिला तो पानाचा; बीबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.

पुढचा क्रम ठरलेला आहे. मधल्या सुट्टीत एकाला शोध लागतो, तो दुसऱ्याला देतो, आणि चांगलं लागतं म्हटल्यावर सगळा घोळका झाडाखाली जमतो. म्हणून ही विषबाधा एकट्यादुकट्याला होत नाही, दहा-पंधरा पोरांना एकदम होते. अर्ध्या तासात ते काही तासांत घशाची आग, पोटात मुरडा, उलट्यांवर उलट्या आणि जुलाब सुरू होतात. एकाच वेळी इतकी मुलं ओकायला लागली की संशय हमखास शाळेच्या खिचडीवर जातो. खिचडीचे नमुने बाजूला काढेपर्यंत कुंपणाखाली पडलेल्या फोलपटांकडे कुणाचं लक्ष जात नाही. अशा रुग्णांवरचा एक अहवाल दावणगेरेच्या डॉक्टरांनी २००५ साली बालरोगांच्या नियतकालिकात छापला होता. अशा बहुतेक प्रकरणांत दिसतं ते हेच की सलाईन आणि पाण्याची भरपाई वेळेवर झाली तर मुलं एक-दोन दिवसांत उठून बसतात. धोका असतो तो अंगातलं पाणी झपाट्याने कमी होण्याचा. लहान चणीच्या पोराला तो जास्त.

या बीमध्ये दोन विषं आहेत. एक कर्सिन नावाचं प्रथिन. साध्या एरंडातल्या रिसिनचं ते नातेवाईक, पण लंगडं. रिसिनचे दोन भाग असतात: एक पेशीचं दार उघडतो, दुसरा आत जाऊन प्रथिनं बनवण्याचा कारखाना बंद पाडतो. कर्सिनकडे दार उघडणारा भाग नाही. म्हणून चंद्रज्योत एरंडाइतकी घातक ठरत नाही. खरा त्रास देतात ते फॉर्बॉल एस्टर, आतड्याच्या अस्तराची आग आग करणारे. ते तेलात विरघळतात. एरंडेल तेल आपण लेकराला जुलाबासाठी देत आलो, कारण रिसिन तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. चंद्रज्योतीचं तेल मात्र तसं देता येत नाही. तिथं विष तेलाबरोबरच येतं. जाता जाता एक गंमत: मेक्सिकोत वेराक्रूझ भागात या झाडाचा बिनविषारी वाण आहे आणि तिथले लोक त्याच्या बिया भाजून खातात. आपल्या नशिबी तो आला नाही.

याच तेलामुळे या झाडाला मध्यंतरी सरकारी मानही मिळाला. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी चंद्रज्योतीची शिफारस केली, २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत इंधनात २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. पडीक जमिनीत सोनं पिकणार असं सांगत रोपं वाटली गेली. बसगाड्या त्यावर धावल्या नाहीत. बांधावरची आणि कुंपणावरची झाडं मात्र राहिली. माझं मत स्पष्ट आहे. प्राथमिक शाळेच्या कुंपणाला चंद्रज्योत असता कामा नये. तिच्याबद्दल मुलांना कितीही समजावलं तरी चव चांगली आहे ही गोष्ट सूचनेपेक्षा वेगाने पसरते.

कण्हेर आणि बिट्टीचं प्रकरण वेगळं आहे, आणि जास्त गंभीर. लाल-पांढरी कण्हेर आपल्याला पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दुभाजकातही दिसते. धूर सोसते, उन्हाळा सोसते, वर बारमाही फुलते. बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, देवाच्या फुलांसाठी शाळेच्या दारात हौसेने लावलेली. तिचं फळ तिकोनी, हिरवं, मग काळं पडणारं. आतली टणक बिट्टी खेळायला इतकी सोयीची की पोरं ती खिशात घालून घरी नेतात. खेळण्यात धोका नाही. धोका ती फोडून आतला गर तोंडात गेला तर आहे. दोन्ही झाडांत हृदयावर काम करणारी ग्लायकोसाइडं असतात, डिजिटालिस या हृदयाच्या औषधाच्या जातीची. आधी मळमळ, उलटी होते, मग नाडी मंद होते, अडखळते. चंद्रज्योतीत उलट्या थांबल्या की बहुतेक संकट टळलेलं असतं. बिट्टीत उलट्या थांबल्या म्हणजे काहीच टळलेलं नसतं. हृदयाची लय काही तासांनंतरही बिघडू शकते. म्हणून बिट्टीचा गर खाल्लेलं मूल हसतं-खेळतं दिसलं तरी ते इस्पितळातच, ईसीजीच्या नजरेखाली राहिलं पाहिजे. ‘आता बरं वाटतंय, घरी नेतो’ हे वाक्य इथं चालत नाही.

मग कण्हेरही तोडायची का? जपानच्या फुकुओका शहरात हा वाद झाला होता. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या महापालिकेने आपल्या शाळांतली कण्हेर विषारी म्हणून तोडायचं ठरवलं आणि थोड्याच दिवसांत तो निर्णय मागे घेतला. त्याच देशात हिरोशिमाचं अधिकृत फूल कण्हेर आहे, कारण अणुबाँबनंतर होरपळलेल्या जमिनीत ती लवकर फुलली. मला वाटतं, लाल-पांढऱ्या कण्हेरीला कुऱ्हाड लावायची गरज नाही. तिचं पान जहाल कडू असतं, कुणी मूठभर खात नाही. तिची काडी मात्र कणीस भाजायला किंवा चमच्यासारखी वापरायची नाही, हे सहलीला निघण्यापूर्वी सांगावं. बिट्टी, जिथं लहान वर्ग भरतात तिथून, काढलेली बरी.

आता रुई. सातारा-सांगलीत तिचं स्थान काही वेगळंच आहे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी चाफळ, उंब्रज, मसूर, शहापूर, माजगाव, शिंगणवाडी साताऱ्यात. बहे आणि शिराळा सांगलीत. त्याशिवाय गावोगावचे मारुती आहेतच. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ आणि शनिवारीच सकाळची शाळा. माळेसाठी पानं खुडायचं काम कुणाकडे येतं, हे सांगायला नको. पान तोडलं की देठातून दुधासारखा चीक भळभळतो. बोटाला लागतो, आणि तेच बोट झोपाळलेल्या डोळ्याला. रुईच्या चिकाचा कावा असा की डोळा लगेच ठणकत नाही. बुबुळाची संवेदनाच तो बोथट करतो. म्हणून पोरगं तक्रार करत नाही, आई लक्ष देत नाही, आणि काही तासांनी कळतं की डोळ्यापुढे धुकं आलंय, उजेड सहन होत नाहीये. काटा मोडला की रुईचा चीक लावायचा, हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे हा चीक औषधी म्हणूनच डोक्यात बसलेला असतो. डोळ्यात गेला तर दुखो न दुखो, वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. शेराच्या कुंपणालाही हाच नियम. शेराची हिरवी कांडी मोडली की चीक उडतो, आणि मोडायला ती फारच मजेची असते. तिचा चीक मात्र लगेच आग करतो.

बाकीच्यांची ओळख थोडक्यात. धोतरा उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवतो, महाशिवरात्रीला फळासह पूजेला जातो. त्याच्या बिया खाल्लेलं मूल ओकत नाही, बरळतं: तोंड कोरडं, चेहरा लालबुंद, बाहुल्या विस्फारलेल्या, हवेत काहीतरी पकडायला बघतं. घरचे बाहेरची बाधा समजून अंगारा शोधतात. पूर्वी ठग वाटसरूंना हेच पाजत. गुंजेची लाल-काळी बी सोनाराच्या तराजूतली, तोळ्याला ९६; चावून गिळली तर जीवघेणी, अख्खी गिळली तर कवच टणक म्हणून बहुधा तशीच बाहेर पडते. वायरीत ओवायला भोक पाडलेली गुंज मात्र सुरक्षित समजू नये. घाणेरीची पिकलेली काळी फळं आपण सगळ्यांनीच खाल्ली आहेत. कच्ची हिरवी नकोत. आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कुंडीत पांढऱ्या ठिपक्यांची मोठी पानं असलेली डिफेनबाकिया असते तीही यातच धरायची. तिच्या पानात खाजऱ्या अळूतल्यासारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. अळूला आपण चिंच घालून शिजवतो. ही कच्चीच चावली जाते, आणि जीभ सुजून मुलाला बोलता येत नाही. अंगणवाडीत तिचं काही काम नाही.

पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगराळ भागात खाजकुहिलीचं नाव घेतलं की मोठी माणसंही गालात हसतात. गुरुजींच्या खुर्चीवर तिची लव टाकण्याचा पराक्रम तिथल्या बऱ्याच पिढ्यांच्या नावावर आहे. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की ती सोनेरी लव वाऱ्यानेही उडते. अंगाला लागली तर चोळायचं नाही. चोळलं की केस आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढायची, मग धुवायचं.

विषाचा परिणाम निदान दिसतो तरी. ॲलर्जीचं तसं नाही, ती सावकाश घर करते. गाजर गवत हे त्याचं ठळक उदाहरण. भारतात त्याच्या प्रसाराची नोंद पुण्यात १९५५ साली झाली. अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास सांगितलं जातं, पण त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. अमेरिकन गहू त्याआधी १९५१ पासून येत होता, त्यामुळे गव्हावरचा आळ पुसला जात नाही. फक्त पीएल-४८० वरचा थोडा सैल होतो. ते पसरलं कसं, हे मात्र वादातीत आहे: गुरं त्याला तोंड लावत नाहीत. शाळेच्या मैदानात हिरवळ चरून जाते आणि गाजर गवत मागे राहतं. एका झाडाला हजारोंनी बिया.

त्यातलं पार्थेनिन त्वचेला चिडवतं, पण पहिल्या भेटीत नाही. शरीर आधी त्याची ओळख ठेवतं, महिने-वर्षं जातात, आणि मग एकदा पापण्या, मान, कोपराच्या घड्या खाजून लाल होतात. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे १९६०-७० च्या दशकांत दाखवून दिलं. म्हणून ‘इतकी वर्षं उपटतोय, काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे. आता शाळेतलं वेळापत्रक पाहा. मैदान साफ होतं पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनासाठी, पोरांच्या उघड्या हातांनी, आणि नेमकं तेव्हा गवत फुलावर असतं. उगवल्यापासून महिनाभरात ते फुलतं. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात. जून-जुलैत, माती ओली आणि फूल आलेलं नसताना, मोठ्यांनी हातमोजे घालून उपटलं तर निम्म्याहून अधिक त्रास वाचेल. पानं कुरतडणारे मेक्सिकन भुंगेरे १९८३ साली भारतात आणले गेले. पावसाळ्यात ते पानांवर दिसले तर मारू नका. ते आपल्याच बाजूचे आहेत.

परागकणांच्या बाबतीत आपण बहुतेक वेळा चुकीच्या झाडाला शिव्या देतो. ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलली की रात्री तिचा उग्र दर्प पसरतो आणि दम्याची सगळी खापरं तिच्यावर फुटतात. दर्पाने डोकं उठतं, दमेकऱ्याला गुदमरल्यासारखं होतं, हे खरं. पण तिचं परागीभवन किडे करतात; पराग ढगासारखा हवेत सोडायचं तिला कारण नाही. शिवाय हिच्यावर शाळेचा थोडा हक्कही आहे. तिच्या शास्त्रीय नावात ‘स्कोलारिस’ आहे, कारण तिच्या लाकडाच्या पाट्या मुलं वापरत. शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या दीक्षांत समारंभात तिचंच पान देतात. वर्गाच्या खिडकीला खेटून लावू नये, एवढंच. खरे गुन्हेगार वाऱ्यावर पराग सोडणारे, आणि त्यांची फुलं दिसतही नाहीत. वावळ जानेवारी-फेब्रुवारीत निष्पर्ण असताना फुलतो; दहावीचा सराव आणि पोरांच्या शिंका एकदम सुरू होतात त्या त्याच्यामुळेही असू शकतील, पण वर कुणी बघत नाही. दुष्काळी पट्ट्यातली वेडी बाभूळ, साधी हरळी, कुंपणातला एरंड, हे सगळे याच यादीत. शोभेसाठी झपाट्याने पसरलेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर तर गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये बंदी घातली.

उलट टोक पाहायचं तर वड. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि वटवृक्ष तिचं बोधचिन्ह झालं. भाऊरावांच्या मनात परागकण नसणार. पण वडाची फुलं फळाच्या आत मिटलेली असतात, एक चिमुकली माशी आत शिरून परागीभवन करते, पराग बाहेर उडतच नाही. दमेकरी मुलाला बसवायला याहून चांगली सावली कुठली?

काही झालंच तर करायचं काय? बोट घालून किंवा मिठाचं पाणी पाजून ओकायला लावू नका. मीठ जास्त झालं तर तेच जिवावर येतं, आणि गुंगीतलं मूल ओकलं तर श्वासनलिकेत जातं. चूळ भरायला लावा. कुणी कुणी खाल्लं, किती वाजता, किती बिया, हे लिहून घ्या. न ओकणाऱ्यांची नावंसुद्धा, कारण मार बसेल म्हणून काहीजण बोलत नाहीत. फळासकट फांदी पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. चंद्रज्योत आणि बिट्टी यांच्या उपचारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नुसतं ‘कसल्यातरी बिया’ म्हटलं तर डॉक्टरांचा वेळ त्यातच जातो. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर डॉक्टरांना आणि सामान्यांनाही सल्ला देतं.

कुंपण बदलायचं तर विषाऐवजी काटा निवडावा. करवंद, सागरगोटा, चिलार, छाटून दाट ठेवलेली विलायती चिंच. काटा टोचला तर पोराला त्याच क्षणी कळतं; विष तासाभराने कळवतं. करवंद नि विलायती चिंच वर खायलाही मिळतात. अडचण आहे ती वेळेची. चंद्रज्योतीची फांदी एका पावसात कुंपण होते, करवंदाला वर्षं लागतात, आणि कोवळी असताना करवंद आणि विलायती चिंच या दोन्हींवर शेळी ताव मारते. म्हणून जुनं कुंपण एकदम उपटू नये. आतल्या बाजूने नवी ओळ लावावी, ती कमरेएवढी होईपर्यंत चंद्रज्योत फळ धरण्यापूर्वी दरवर्षी छाटावी आणि मग काढावी. छाटलेल्या कण्हेरीच्या फांद्या मात्र जाळू नयेत, तिचा धूरही बाधतो. वाळली की लाकूड छान पेटतं, आणि जिथं अजून खिचडी चुलीवर शिजते तिथं ती नेमकी सरपणाच्या ढिगात जाऊन पडते.